अंधारातला चेहरा आणि आयएसओची भीती

रात्री माणसाचा फोटो काढायला निघालेल्या नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो तो आयएसओ कमी ठेवण्याचा, नाहीतर फोटोत दाणे येतील असा. या सल्ल्यापायी कितीतरी चेहरे काळोखात बुडतात. दाणे, म्हणजे नॉइज, येतात ते मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे. प्रकाश सेन्सरवर कणाकणाने आणि अनियमितपणे पडतो. पावसाच्या पहिल्या थेंबांत अंगणातली एक फरशी ओली होते, शेजारची कोरडीच राहते. सर जोरात आली की सगळ्या सारख्या भिजतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडले तर त्यांतला चढउतार सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्के असतो. १०,००० पडले तर तो १०० चा, म्हणजे एकच टक्का. आयएसओ या कणांची संख्या बदलत नाही. जमा झालेला संकेत तो फक्त वाढवतो.

समजा शटर १/१०० सेकंद आणि ॲपर्चर एफ १.८ कायम ठेवले. आयएसओ ८०० वर काढलेला काळपट फोटो नंतर संगणकावर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजळला, तर उजेड तेवढाच मिळालेला असतो जेवढा ६४०० वर मिळाला असता. फरक असा, की बऱ्याच कॅमेऱ्यांत संकेत वाढवून झाल्यावरही पुढच्या सर्किटमध्ये थोडा नॉइज मिसळतो, आणि मागाहून उजळताना तोही फुगतो. त्यामुळे ६४०० चाच फोटो अनेकदा स्वच्छ निघतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या असल्याने काळ्या भागातली त्वचा ताणली की डागाळते. सावळी त्वचा कमी प्रकाश परत पाठवते, म्हणून आपल्याकडे हा घाटा अधिक जाणवतो. त्यात मरीन ड्राइव्हसारखी दिव्यांची रांग मागे असली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि चेहरा आणखी काळवंडतो. अशा वेळी स्पॉट मीटर चेहऱ्यावर धरावा, आणि सावळा चेहरा मीटर सांगतो त्यापेक्षा किंचित गडद ठेवावा, म्हणजे त्याचा रंग खरा येतो.

मग दिवे पांढरेफटक होतील, असा आक्षेप येईल. होऊ द्यावेत, गाल आणि कपाळ मात्र जळू देऊ नये, कारण तिथला गेलेला तपशील परत येत नाही. काही नव्या सेन्सरांवर रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, मागाहून उजळली तरी फारसा फरक पडत नाही, हे खरे आहे, आणि चौकटीतले तेजस्वी दिवे वाचवायचे असतील तर तिथे कमी आयएसओ योग्यच. पण सर्वसामान्य फोटो बहुधा फोनवर निघतात, रॉमध्ये नव्हे. ट्रायपॉड लावून शटर लांबवण्याचा उपाय इमारतीला चालतो. माणूस श्वास घेतो, पापणी हलवतो, आणि हललेला चेहरा सॉफ्टवेअरने क्वचितच पूर्ण नीट होतो. दाणे मात्र बरेचसे कमी करता येतात. जास्त घासले तर त्वचा मेणासारखी दिसते, एवढे भान ठेवावे. २०१८ साली आलेल्या गुगलच्या नाइट साइटसारख्या सोयी अनेक फ्रेम एकत्र करतात. नऊ फ्रेमची सरासरी घेतली तर अनियमित नॉइज एक तृतीयांशावर येतो, पण त्यासाठीही माणसाला स्थिर उभे राहावे लागते.

खरी मेहनत उजेड वाढवण्यावर घ्यावी. एफ ३.५ च्या लेन्सऐवजी एफ १.८ ची वापरली तर जवळपास चौपट प्रकाश मिळतो. एकाच दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तरीही चौपट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून त्यांच्या उजेडात शटर १/५० किंवा १/१०० ठेवणे सोयीचे. आणि दुकानाच्या मोठ्या काचेतून येणारा पसरट उजेड मिळत असेल, तर माणसाला आधी तिथे उभे करावे.