कांचनवाडीची वाट

सिडकोतल्या एखाद्या जुन्या गल्लीत ड्रेनेजचे चेंबर उघडतात तेव्हा आधी दिसते ते थांबलेले पाणी. सबलीने झाकण सरकवावे, तर काळे पाणी काठाशी टेकलेले. वरच्या घरांकडून येणे चालूच असते, खालची लाइन ते पुढे नेत नसते. कर्मचारी एका शब्दात निदान करतात: चोकअप. जेटिंग मशीनचा पाइप आत सोडला, पाण्याचा जोरदार मारा केला की खळखळ करीत पाणी उतरते आणि गल्ली मोकळा श्वास घेते. मात्र त्याच चेंबरवर वारंवार मशीन आणावे लागत असेल, तर दोष गाळाच्या माथी मारून भागत नाही. तिथे लाइनच अपुरी पडत असते.

छत्रपती संभाजीनगरचे सारे ड्रेनेज उतारावर चालते. उत्तरेला हर्सूल-जटवाड्याचे डोंगर, दक्षिणेला सखल भाग. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवले आणि पुढे याच उताराच्या भरवशावर नहर-ए-अंबरी बांधली. मातीच्या भाजलेल्या नळांतून डोंगराकडचे पाणी शहरात आले. अठराव्या शतकातली पाणचक्कीही अशाच नहरीच्या पाण्यावर फिरली. पाणी आणणारा तो उतार आता वापरलेले पाणी घेऊन जातो. खाम नदीच्या कडेने गेलेल्या मोठ्या वाहिन्या कांचनवाडीच्या प्रक्रिया केंद्रात पोचतात. या केंद्राची क्षमता दररोज १६१ दशलक्ष लिटर आहे. झाल्ट्याचे केंद्र ३५ आणि पडेगावचे १० दशलक्ष लिटरचे. जे सांडपाणी या केंद्रांपर्यंत पोचत नाही, ते नाल्यांतून नदीत उतरते. खाम पुढे नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, मिळते आणि शहर पाणी पिते तेही नाथसागराचेच.

१९८१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्याही आत होती. २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली. सत्तरच्या दशकात सिडको या शहर नियोजन महामंडळाने नवे औरंगाबाद (शहराचे तेव्हाचे नाव) आखले ते बैठ्या घरांचे आणि रो-हाऊसचे. रस्ते, मोकळ्या जागा आणि लाइनी सगळे त्या मापाने बेतलेले. आता त्याच प्लॉटांवर मजले चढताहेत. जुनी घरे पाडून तिथे इमारती उभ्या राहताहेत.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली. बिगर दाटवस्तीत मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाशी बांधकामाचे प्रमाण, १.१. त्यावर प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), आणि निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय. प्लॉटवर किती बांधता येईल, हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. अडचण नेमकी इथे आहे. रस्ता टेपने मोजला जातो. त्याखालच्या लाइनचा व्यास मात्र त्या गणितात येत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. साधारण दहा गुंठ्यांचा, म्हणजे १,००० चौरस मीटरचा प्लॉट धरू. त्यावर आठ रो-हाऊस आणि चाळीस माणसे. भूमिगत गटार असलेल्या शहरासाठी केंद्रीय मार्गदर्शक पुस्तिका माणशी रोज १३५ लिटर पाणी धरते आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मानते. म्हणजे माणशी १०८ लिटर, एकूण ४,३२० लिटर. त्याच जागी चाळीस फ्लॅट झाले, १६० माणसे राहायला आली, की हा आकडा १७,२८० लिटरवर जातो. तोही दिवसभर सारखा वाहत नाही. सकाळच्या घाईत लहान वस्तीचा प्रवाह सरासरीच्या तिपटीपर्यंत चढतो.

पावसाचे गणित याहून दांडगे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच प्लॉटवर ५०,००० लिटर पाणी कोसळते. पूर्वी अंगण आणि परस यांत त्यातले बरेच मुरायचे. सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की सुमारे ४५,००० लिटर बाहेर पडते. म्हणजे एका तासाचे पावसाचे पाणी इमारतीच्या अडीच दिवसांच्या सांडपाण्याहून जास्त! म्हणूनच गच्चीच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणे हा मोठा अपराध आहे. एका इमारतीने असे केले की उताराकडच्या घरांत शौचालयातून पाणी उलटे वर येते. सोय एकाची, घाण दुसऱ्याच्या दारात.

त्यात सुटकेच्या वाटाही आक्रसल्या. नाल्यांची पात्रे बांधकामांनी अरुंद झाली, काही जागी नाले स्लॅबखाली गेले. झाकलेल्या नाल्यात गाळ किती साचला, हे तुंबल्याशिवाय कळत नाही.

यापुढे पाणीही वाढणार आहे. वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड नळ येणाऱ्या या शहरासाठीच्या नव्या योजनेची मुख्य जलवाहिनी २,५०० मिलिमीटर व्यासाची आहे. घरात येणारे पाणी वाढले की मोरीतून जाणारेही वाढते. नाथसागरापासून शहरापर्यंतचा नळ जितक्या आस्थेने मोजला जातो, तितक्याच आस्थेने गल्लीतली लाइन मोजायला हवी.

उपाय हाताबाहेरचा नाही. १५० ऐवजी २०० मिलिमीटरचा पाइप त्याच उताराला दुपटीहून जास्त पाणी नेतो. खर्च पाइपापेक्षा खोदाईचा. इथे वरच्या मातीखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो, म्हणून रस्ता काँक्रीटचा होण्याआधीच हे काम उरकणे शहाणपणाचे. पुनर्विकासाच्या प्रीमियमचा ठरावीक वाटा त्याच गल्लीच्या लाइनवर खर्च व्हावा, आणि लाइनची क्षमता तपासल्याशिवाय बांधकाम परवानगी मिळू नये.

तोवर सोसायटीच्या सभासदांनी करारावर सही करण्यापूर्वी बिल्डरला तीन प्रश्न विचारावेत. समोरच्या ड्रेनेज लाइनचा व्यास किती? आपल्या चेंबरचा तळ तिच्यापेक्षा किती उंच? आणि गच्चीचे पाणी कुठे सोडणार? उत्तरे तोंडी न घेता नकाशावर लिहून घ्यावीत.