जोडीचा अल्बम आणि गाण्याची मालकी

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर यांचा तमाशा गाजत होता. होनाजी गवळी, तर बाळा शिंपी. एक कवन रचणारा, दुसरा ते गाणारा. लोकांनी दोघांना मिळून ‘होनाजी-बाळा’ हे एकच नाव दिले. त्या काळी कोणाचा वाटा किती, हा प्रश्न बिदागीच्या वाटणीपुरता होता. ध्वनिमुद्रणाच्या युगात तो कायद्याचा प्रश्न झाला.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात ओवी, भारूड, पोवाडा, लावणी आणि कन्नड गीगी पदे शेजारी शेजारी नांदतात. येथील एखाद्या शाहीर-झीलकरी जोडीला आज कंपनीचा उंबरठा न झिजवता स्वतःचा अल्बम काढता येतो. डफ, तुणतुणे आणि ढोलकी एकाच खोलीत, एकाच बैठकीत मुद्रित करता येतात. डिजिटल वितरक ती गाणी श्रोत्यांच्या मोबाइलपर्यंत पोहोचवतात. प्रत्येक मुद्रणाला ‘आयएसआरसी’ हा 12 चिन्हांचा संकेतांक मिळतो. त्यामुळे मुद्रणाची ओळख पटते आणि हिशेब ठेवणे सुलभ होते. ही यंत्रणा सोपी झाली असली, तरी मालकीचे गणित मात्र नीट समजून घ्यावे लागते.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकाच गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांचे हक्क त्याहून स्वतंत्र असून ते 50 वर्षे टिकतात. मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्यास कायदा ‘निर्माता’ मानतो. जोडीने ही जबाबदारी स्वतः उचलली, तर प्रकाशनानंतर 60 वर्षे त्या मुद्रणाची मालकी तिच्याकडे राहू शकते. स्वखर्चाने अल्बम काढण्याचा खरा लाभ हाच आहे.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जात्यावरच्या ओवीवर कोणाचीही मालकी नसते. ती कोणीही नव्याने गाऊ शकतो. मात्र दुसऱ्याने केलेले तिचे मुद्रण उचलता येत नाही. तसेच, जुने गाणे म्हणजे पारंपरिक गाणे, हा समजही फसवा आहे. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवरील हक्क त्याच्या निधनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे राहतो. पठ्ठे बापूराव 1945 मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लावण्या 2005 अखेर हक्कमुक्त झाल्या. अण्णाभाऊ साठे यांचे निधन 1969 चे. बेळगाव-कारवारचा उल्लेख असलेली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड सीमाभागाला कितीही आपली वाटली, तरी तिच्या शब्दांवरील हक्क 2029 अखेरपर्यंत कायम आहे. ती अल्बममध्ये घ्यायची, तर हक्कधारकांची परवानगी हवी. पूर्वी मुद्रित झालेले गाणे पाच वर्षांनंतर नव्याने मुद्रित करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण तीत सर्वसाधारणपणे दरवर्षी किमान 50 हजार प्रतींची रॉयल्टी गृहीत धरली जाते. छोट्या जोडीला हा भार पेलणारा नाही. त्यापेक्षा थेट लेखी संमती मिळवणे श्रेयस्कर.

मालकीचा हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील ब्रिस्टल येथे 1927 साली राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंबाची गाणी मुद्रित केली. ए. पी. कार्टर यांनी डोंगराळ गावांत फिरून गोळा केलेली कित्येक जुनी गाणी पुढे त्यांच्याच नावावर नोंदली गेली. ज्यांच्या तोंडून ती ऐकली, त्यांतील बहुतेकांची नावे मागे राहिली.

म्हणूनच मुद्रणापूर्वी दोघांनी आपसांत लेखी करार करावा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, खर्च कोणी केला, जोडी फुटल्यास नाव व उत्पन्न कोणाकडे राहील, हे त्यात स्पष्ट असावे. हक्क दुसऱ्यास देताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश नमूद नसेल, तर तो भारतापुरता मानतो. वितरकाच्या करारावर सही करताना ही दोन कलमे आधी वाचावीत. आणि एखाद्या आजीकडून ओवी मिळाली असेल, तर तिच्या संमतीने तिचे नाव व गाव अल्बमच्या श्रेयनामावलीत नोंदवावे. कायदा तसा आग्रह धरत नाही. तरीही त्या ओळीमुळे गाणे कोणत्या घरातून आले, हे पुढच्या श्रोत्याला कळेल.