नाशिकहून आफ्रिकेला गेलेली मुलं

त्र्यंबकेश्वरला पाऊस कसा कोसळतो ते तिथल्या मुलांना सांगायला नको. ब्रह्मगिरीवर ढग अडकले की दोन-दोन दिवस डोंगर दिसतच नाही. हे ढग आणणारा नैऋत्य वारा येतो थेट हिंदी महासागरावरून. आता एक गंमत ऐका. जुन्या काळी याच वाऱ्याच्या बळावर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून शिडाची जहाजं अरबस्तानाकडे आणि आपल्याकडे यायची. पावसाळ्यात समुद्र खवळण्याआधी मुक्काम गाठायचा, आणि हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत जायचं!

पण या जहाजांत फक्त हस्तिदंत आणि लवंगा नसायच्या. माणसंही असायची, पळवून आणलेली, विकायला काढलेली. त्यांत तुमच्याएवढी मुलंसुद्धा. इंग्रजांच्या आरमाराने अशी काही जहाजं पकडली आणि सुटलेल्या मुलांना मुंबईत आणलं. आता ही मुलं ठेवायची कुठे? त्यांतली बरीच आली आपल्या नाशिकला!

त्र्यंबकहून नाशिकला जाताना शेवटी त्र्यंबक नाका लागतो. तिथून जवळच शरणपूर आहे. 1854 मध्ये विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्याने ही वस्ती वसवली. इथे आफ्रिकन मुलं लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. ज्यांना घर कुठे होतं हेही नीट आठवत नव्हतं, ती मुलं गोदावरीच्या काठी मोठी झाली.

1866 मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी आफ्रिकेच्या आतल्या भागात निघाला, तेव्हा त्याने नाशिकची नऊ मुलं बरोबर घेतली. पुढे 1872 मध्ये आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले. त्यांत होता जेकब वेनराइट. 1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला. सुसी, चुमा आणि इतर सोबत्यांनी ठरवलं, याला त्याच्या देशी पोचवायचं. पण समुद्र दीड हजार किलोमीटरहून लांब आणि हवा गरम! मग त्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, शरीराला मीठ लावलं आणि ते दोन आठवडे उन्हात वाळवलं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच. पाणी निघून गेलं की कुजवणाऱ्या जिवाणूंना जगताच येत नाही. जेकबने पुरताना प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग नऊ महिने चालून ते सगळे किनाऱ्यावर पोचले. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यसंस्कार झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकबही होता. मला विचाराल तर पुतळे लिव्हिंग्स्टनचे जेवढे आहेत, तेवढे या सोबत्यांचेही हवेत.

आणि शरणपूरच्या बाकीच्या मुलांचं काय झालं? झांझिबारच्या सुलतानाने 1873 मध्ये गुलामांचा बाजार बंद केला. मग प्राइस आफ्रिकेला गेला आणि मोंबासाजवळ एक गाव उभं राहिलं, फ्रीरटाउन. मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर बार्टल फ्रीर यांचं नाव त्याला दिलं. गाव उभं करायला हात कोणाचे? नाशिकला शिकलेल्या सुतार-लोहार-शिक्षकांचे! विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर त्याआधीच, 1864 पासून, जवळच्या रबाईत काम करत होते. तिकडे या सगळ्यांना म्हणायचे ‘बॉम्बे आफ्रिकन’. खरं तर नाशिककर म्हणायला हवं होतं!

आफ्रिकेतून पळवलेली माणसं दुसऱ्या दिशेलाही गेली, अटलांटिक महासागरापलीकडे. आज ज्याला हैती म्हणतात तिथे फ्रेंचांनी त्यांना उसाच्या मळ्यांत राबवलं. 1791 मध्ये ती उठली, बारा-तेरा वर्षं लढली आणि 1 जानेवारी 1804 ला त्यांनी स्वतःचा देश जाहीर केला. आज तिथे एक कोटीहून जास्त लोक राहतात आणि पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी आहे.

आता जगाचा नकाशा काढा. नाशिकवर बोट ठेवा आणि समुद्र ओलांडून मोंबासा शोधा. ते सापडलं की हैती शोधा, पण त्यासाठी बोट अख्ख्या आफ्रिका खंडावरून न्यावं लागेल!