जुन्या लष्करी जीपचा पिस्टन घेताना

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, अमेरिकन लष्कराच्या दप्तरी पाव टनी ट्रक, अजूनही एखाद्या वस्तीवर उभी दिसते. निळा धूर सुटला, ऑइल पिऊ लागली की आपण तडक पिस्टन आणायला निघतो. घाई इथंच नडते.

ब्लॉकवर एमबी असो वा फोर्डचा जीपीडब्ल्यू, पिस्टन एकच. मूळ बोअर ३ १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. पण इतक्या वर्षांत ब्लॉक एकदा तरी बोअर झालेला असायचाच. हेड काढून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडा. २० किंवा ३० आकडा दिसला, तर पिस्टन तितके थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, मोठा. तरी लेथवाल्याकडून बोअर मोजून घ्याच. झीज वरच्या अंगाला जास्त असते. ती निघेल एवढाच पुढचा साईज धरा.

नंतरच्या महिंद्र सीजे-३बी जीपच्या हरिकेन इंजिनाचा बोअरही हाच. दुकानदार म्हणेल, "बसतो की!" पण त्या इंजिनाचा इनटेक वाल्व्ह हेडमध्ये, म्हणून पिस्टनचा माथा वेगळ्या घडणीचा. आपल्याला सपाट माथ्याचा हवा. जुना पिस्टन गजन पिनेसकट सोबत न्या आणि शेजारी ठेवून ताडा.

मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात चौकशी करावी. चारही एका मापाचे, एका वजनाचे घ्या. आणि पिस्टन हाती आल्याशिवाय बोअरिंग करू नका. ब्लॉक मोठा करून बसलात अन् त्या मापाचा माल मिळाला नाही, तर स्लीव्हचा भुर्दंड पडतो. फट ३ थाऊ ठेवायला लेथवाल्याला बजावून सांगा.