आइस्क्रीमचा पाहुणचार आणि यजमानाचे कर्तव्य

(महिला मंडळाच्या सभेत दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



शावुओत जवळ आला की घरोघरी दुधाच्या पदार्थांची तयारी सुरू होते. आपल्या सभागृहातही त्या संध्याकाळी आइस्क्रीमचा बेत असतो. मी आयुष्यभर परिचारिका होते, म्हणून मंडळाने मला या विषयावर बोलण्यास सांगितले. परंतु मी बोलते आहे ती माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी या बेताची जबाबदारी माझ्याकडे होती. मी सात प्रकारचे आइस्क्रीम मांडले, पण स्कूप मात्र दोनच, तेही पाण्याच्या एकाच भांड्यात. पिस्त्याच्या डब्यातला स्कूप पाण्यात बुडवून मी व्हॅनिलाच्या डब्यात घातला. पिस्त्याची अ‍ॅलर्जी असलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाने केवळ व्हॅनिला मागितले होते. काही मिनिटांतच त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि छातीत घरघर सुरू झाली. त्याच्या आईने अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरील बाजूस दिले. सणाचा दिवस असूनही मी तत्काळ 101 वर दूरध्वनी केला, कारण पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचविणे, हे सण व शब्बाथ यांहून श्रेष्ठ आहे. मूल वाचले.

त्या दिवसापासून माझा नियम असा: जितके डबे तितके स्कूप. सुक्या मेव्याचे व शेंगदाण्याचे प्रकार वेगळ्या मेजावर ठेवावेत आणि प्रत्येक डब्यापुढे घटकांची चिठ्ठी ठेवावी. अशा वेळी अ‍ॅलर्जीची साधी गोळी पुरेशी नसते. अ‍ॅड्रेनलिन प्रथम द्यावे आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो.

दुसरी गोष्ट वितळण्याची. थंडीने जंतू मरत नाहीत, केवळ निद्रिस्त होतात. सिवान महिन्यातील उन्हाळ्यात आइस्क्रीम वितळले की ते जागे होऊन वाढतात, आणि पुन्हा गोठविल्याने नाहीसे होत नाहीत. म्हणून फ्रीझर उणे 18 अंशांवर असावा, डबे एकेक करून बाहेर काढावेत आणि वितळलेले आइस्क्रीम निःसंकोच टाकून द्यावे. घरी करताना कच्चे अंडे घालू नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले व आमच्यासारखी वृद्ध मंडळी यांना अशा जंतूंचा धोका अधिक असतो.

तिसरी गोष्ट मधुमेहींची. ‘साखरविरहित’ लिहिलेल्या डब्यातही दुधाची नैसर्गिक साखर असतेच. एक लहान गोळा जेवणाच्या हिशेबात धरून घ्यावा. परंतु आग्रह करून दुसरा वाढू नये. आपल्यात आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानतात. येथे मात्र आग्रह न करणे हेच प्रेम.

आता कश्रुथ. मांसाहारानंतर दुधाचे आइस्क्रीम चालत नाही, आणि पुष्कळ घरी सहा तास थांबतात. यावर उत्तर आपल्या आजींनी कोकणातच शोधून ठेवले आहे. मांसाच्या कालवणात दूध चालत नसल्याने त्या नारळाचे दूध वापरीत. त्याच नारळाच्या दुधात गूळ व वेलदोडा घालून गोठविले की उत्तम परवे आइस्क्रीम होते. ज्यांना गाईचे दूध पचत नाही, त्यांनाही ते खाता येते. वाट्या व चमचे मात्र दुधाच्या भांड्यांत मिसळू देऊ नयेत.

अव्राहाम अवीनू पाहुण्यांना पाहून तंबूच्या दारातून धावत गेले. आपल्याला धावायचे नाही; डब्यापुढे चिठ्ठी आणि प्रत्येक डब्यात वेगळा स्कूप एवढेच ठेवायचे आहे. पुढल्या वर्षी तो मुलगा पुन्हा आला. त्याने व्हॅनिलाच्या डब्यापुढील चिठ्ठी सावकाश वाचली, माझ्याकडे पाहिले आणि वाटी पुढे केली. त्याचा तो विश्वास राखणे हे आता आपणा सर्वांचे काम आहे.

हाग सामेआख.