दहा मिनिटांचा निबंध आणि तेलाच्या डब्यावरचा आकडा

लेखमाला : अभियंत्यांचे मेळे – लेखांक ४

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्यानं पूर्वेकडे निघालं की के. आर. पुरम मागे पडतं आणि शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर होसकोटे लागतं. बंगळूरकर इथे पहाटेच्या बिर्याणीसाठी रांगा लावतात. मराठी प्रवाशाचं या गावाशी असलेलं नातं वेगळं आहे, आणि ते बहुधा त्याला ठाऊक नसतं. दादर-पुणे मार्गावर ‘शिवनेरी’ म्हणून वर्षानुवर्षं धावलेल्या व्होल्वो बसगाड्या याच तालुक्यातल्या कारखान्यात बांधल्या गेल्या. तिथे १९९८ मध्ये ट्रक तयार होऊ लागले, २००१ पासून बसगाड्या. सतराव्या शतकात विजापूर दरबारानं शहाजीराजांना दिलेल्या जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होतं. वडिलांच्या जहागिरीत बनलेल्या गाडीला मुलाच्या जन्मगडाचं नाव मिळालं, ते असं अपघातानंच.

गाडीच्या नाकावर कंपनीचं नाव असतं. तिच्यातला बोल्ट कोणत्या मापाचा, नळी किती जाडीची, तेल किती दाट, हे ठरवणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नसतात. ही मंडळी भेटतात व्यावसायिक संस्थांच्या समित्यांमध्ये.

कोणत्याही गॅरेजात टांगलेला इंजिन ऑइलचा डबा पाहावा. त्यावर ‘एसएई २०डब्ल्यू-४०’ असं काहीतरी छापलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू करताना तेल किती सहज वाहील ते सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर तेलाचा दाटपणा किती टिकेल ते सांगतो. ‘एसएई’ म्हणजे सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स, १९०५ साली अमेरिकेत स्थापन झालेली अभियंत्यांची संस्था. हा आकडा कुठल्या सरकारी खात्यानं काढलेला नाही. तेल कंपन्या, इंजिन बनवणारे आणि प्रयोगशाळांतले लोक एका टेबलाभोवती बसून भांडले, त्यातून तो निघाला. इंजिनं बदलतात तसं हे वर्गीकरणही वेळोवेळी सुधारलं जातं, म्हणजे भांडण अजून चालूच आहे.

१९१० च्या सुमाराला ही संस्था प्रमाणीकरणाच्या मागे लागली तेव्हा प्रत्येक मोटार कारखान्याचं माप वेगळं होतं. एखादा कारखाना बुडाला की त्याच्यासाठी केलेला माल दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा राहत नसे. समित्यांनी पोलादी नळ्यांचे सोळाशे प्रकार २१० वर आणले आणि लॉक वॉशरचे आठशे प्रकार १६ वर. वॉशरवर वाद घालणाऱ्या त्या बैठका किती रटाळ झाल्या असतील याची कल्पना करता येते. पण सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळू लागले ते त्या रटाळपणामुळे.

अशा संस्थांचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. वार्षिक सर्वसाधारण सभा, नव्या कार्यकारिणीची निवडणूक, कुणा थोराच्या नावानं स्मृतिव्याख्यान, पदकं, एक मोठं अधिवेशन आणि वर्षभर चालणाऱ्या समित्यांच्या बैठका. वर्तमानपत्रात येतो तो शाल-श्रीफळाचा फोटो, म्हणून हे सगळं एकमेकांचा सत्कार करण्यासाठीच चाललंय असं बाहेरच्याला वाटतं. ते अगदीच खोटं नाही. तरी अधिवेशनाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या ओळीत काय दडलेलं असू शकतं, हे पाहण्यासाठी १९०४ सालात जायला हवं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. एकोणतीस वर्षांच्या लुडविग प्रांटल यांना निबंध वाचायला दहा मिनिटं मिळाली. पेच जुना होता. घर्षणविरहित द्रवाचं गणित सुंदर सुटत होतं, पण त्याचं उत्तर म्हणे की अशा प्रवाहात एकसारख्या वेगानं जाणाऱ्या वस्तूला विरोधच होत नाही. नावाड्याला किंवा वाऱ्यात छत्री धरणाऱ्याला हे कुणी पटवून दाखवावं! घर्षण धरून मांडलेली समीकरणं मात्र इतकी अवघड होती की सुटेनात. प्रांटल म्हणाले, घर्षणाचा विचार सगळीकडे करायची गरजच नाही. पृष्ठभागाला टेकलेली हवा त्याला चिकटून स्थिर असते, आणि तिथून अगदी पातळ थरात तिचा वेग शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत चढतो. घर्षणाचा हिशेब या थरापुरता ठेवा, बाहेर जुनं सोपं गणित वापरा. हा थर पृष्ठभागापासून सुटला की मागे भोवरे उठतात आणि विरोध वाढतो. विमानाचा पंख जास्त तिरका झाला की उचल का हरवते आणि चौकोनी पाठीची बस जास्त डिझेल का खाते, ही दोन्ही उत्तरं या थरात आहेत.

सभागृहात फार कुणाला त्याचं महत्त्व कळलं नाही. निबंध छापला गेला तो जेमतेम आठ पानांचा. कल्पना पसरली ती हळूहळू, गटिंगन विद्यापीठात त्यांच्याकडे शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून. मग १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल एअरोनॉटिकल सोसायटीनं आपल्या वार्षिक विल्बर राइट व्याख्यानासाठी प्रांटल यांनाच बोलावलं. महायुद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि इंग्रज अभियंत्यांची संस्था एका जर्मन प्राध्यापकाकडून भोवऱ्यांचं शास्त्र ऐकत होती. वार्षिक व्याख्यानं निरुपयोगी असतात म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरेसं आहे.

युद्धानंतरची कटुता साधी नव्हती. अनेक आंतरराष्ट्रीय परिषदांतून जर्मन शास्त्रज्ञांना वगळलं जात होतं. प्रांटल यांचेच विद्यार्थी थिओडोर फॉन कार्मान आणि इटलीचे गणिती तुल्यो लेव्ही-चिव्हिता यांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. १९२२ मध्ये इन्सब्रुकला त्यांनी प्रवाहांच्या अभ्यासकांची एक अनौपचारिक बैठक बोलावली. तिच्यातूनच १९२४ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टला यामिकीची (मेकॅनिक्सची) पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९४६ मध्ये तिला कायमची संघटना मिळाली आणि परिषद दर चार वर्षांनी भरवण्याचा रिवाज टिकला. २०२० ची मिलानची परिषद साथीमुळे २०२१ मध्ये ऑनलाइन घ्यावी लागली. २०२४ ची दक्षिण कोरियात देगूला झाली.

हा धागा बंगळूरपर्यंत आणला एका कोल्हापूरकडच्या माणसानं. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा. ते गटिंगनला प्रांटल यांच्याकडे शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तेव्हा घाटगे तिच्यात दाखल झाले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही तेच होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडालं. भारतात आखून भारतातच बांधलेलं विमान म्हणून ते ओळखलं जातं. एअरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया १९४८ मध्ये स्थापन झाली. तिच्या पुरस्कारांपैकी एक घाटगे यांच्या नावाचा आहे. महाराष्ट्रात मात्र हे नाव विमानविद्येबाहेर फार थोड्यांच्या ओळखीचं आहे, आणि ही उणीव त्यांची नव्हे, आपली आहे.

यामिकीची स्वतंत्र भारतीय संस्था १९५५ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत सुरू झाली; भोजराज सेठ हे तिचे प्रवर्तक. वार्षिक अधिवेशनाचा तिचा रिवाज अजून आहे. १९८० मध्ये आशियाई प्रवाहयामिकी परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं तेही बंगळूरलाच. शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांचा त्यात मोठा वाटा होता.

सर्वांना ठाऊक असलेला वार्षिक कार्यक्रम मात्र एकच, १५ सप्टेंबरचा अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. १८६१ मध्ये ते जन्मले ते मुद्देनहळ्ळी होसकोट्याच्या उत्तरेला, चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. कर्नाटकात त्यांची ओळख म्हैसूरचे दिवाण म्हणून आणि कृष्णराजसागर धरणामुळे आहे. पण अभियंता म्हणून ते घडले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, आणि सरकारी नोकरीचा बराच काळ त्यांनी मुंबई इलाख्यात काढला. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांच्या कामाची ठिकाणं. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक रेषेवर चढलं की ते आपोआप उघडत आणि उतरलं की मिटत, त्यामुळे भिंत न वाढवता साठा वाढवता आला.

या दिवशी देशभर कार्यक्रम करते ती इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया). १९२० मध्ये मद्रासला नोंदलेल्या या संस्थेला १९३५ मध्ये राजसनद मिळाली. पण तिचं खरं मोठं वार्षिक काम व्यासपीठावर कधीच दिसलं नाही, ते परीक्षेच्या हॉलमध्ये झालं. दिवसा कारखान्यात पाळी करायची, रात्री अभ्यास करायचा आणि एकेक विषय सोडवत संस्थेच्या ‘एएमआयई’ परीक्षेच्या दोन्ही सेक्शन पार करायच्या, अशा वाटेनं कितीतरी डिप्लोमाधारक अभियंते झाले. पुण्या-मुंबईच्या आणि बंगळूरच्या कारखान्यांत असे वरिष्ठ आजही भेटतात. केंद्र सरकारनं ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी या परीक्षेची पदवीशी समकक्षता थांबवली. पगार घरी द्यावा लागणाऱ्या मुलासाठी हा दरवाजा मोलाचा होता, आणि तो बंद झाल्याची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही.

नव्या दरवाजांपैकी एक ‘बाहा’ स्पर्धेचा. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही स्पर्धा एसएई-इंडियानं २००७ मध्ये इंदूरजवळ पीथमपूरला आणली. विद्यार्थी खडकाळ रस्त्यावर चालणारी छोटी गाडी स्वतः बांधतात, इंजिन सगळ्यांना सारखंच. गाडी नुसती पळवून भागत नाही. आराखडा आणि खर्चाचा हिशेब परीक्षकांपुढे मांडावा लागतो, शेवटी चार तासांची दमछाक करणारी शर्यत. वेल्डिंग कुठे उखडलं हे मार्कांच्या यादीपेक्षा इथे जास्त नीट कळतं.

येत्या १५ सप्टेंबरला आपल्या गावातल्या अभियंता दिनाच्या कार्यक्रमाला जरूर जावं. अशा व्याख्यानांना सभासद नसलेल्यांनाही बऱ्याचदा बसता येतं, आधी विचारून घेतलं म्हणजे झालं. जाण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका मात्र पाहावी. सत्काराला चाळीस मिनिटं आणि प्रश्नोत्तरांना पाच अशी वाटणी असेल, तर ती उलटी करा, असं आयोजकांना पत्रानं कळवावं.

पुढच्या लेखांकात : १९०५ साली अमेरिकेतल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यात फुटलेला बॉयलर, ५८ मृत्यू आणि त्यानंतर यंत्र अभियंत्यांच्या संस्थेनं लिहिलेली बॉयलर-संहिता.