पाटकरी आणि राउटर

आरम-मोसमच्या काठच्या श्रोत्यांना फड बागाईत काय असते हे आम्ही सांगावे असे नाही. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला, कोणत्या पाळीने द्यायचे हे शेतकरी मिळून ठरवीत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी वळवी. पाणी आपसूक उतारानेच जाते. ते वळवायला ठराव लागतो. इंटरनेटच्या वाहतुकीतही हाच भेद आहे.

तेथे मजकुराची लहान लहान पाकिटे होतात. प्रत्येकावर धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. ते एरवी फक्त घेणाऱ्याचा पत्ता पाहते, तक्त्यातली त्याला सर्वांत जवळची ओळ शोधते आणि पाकीट पुढच्या नाक्याकडे रवाना करते. पाकीट कोणाचे, कशासाठी, ही चौकशी नाही. हा झाला उतार.

आता समजा, एखाद्या पतपेढीने दोन जोडण्या घेतल्या : एक महाग पण भरवशाची, दुसरी स्वस्त. हिशेबाच्या यंत्रांची पाकिटे पहिलीने जावीत, बाकीची दुसरीने, असे तिला हवे. मग तक्त्याच्या आधी नियमांची यादी वाचायला राउटरला सांगावे लागते. धाडणारा कोण, काम कोणते, हे पाहून वाट ठरते. यालाच धोरणानुसार मार्ग ठरवणे म्हणतात. यादी वरून खाली वाचली जाते. पहिला लागू पडणारा नियम चालतो, एकही लागू नसेल तर पुन्हा तक्ता. वरचा नियम सैल लिहिला, तर खालचा कधी वाचलाच जात नाही. कराराच्या कलमांवर रात्री जागवलेल्यांना हे लगेच उमजेल! शिवाय नेमलेली वाट पलीकडे कोठे तुटली आणि ती चालू आहे का हे तपासण्याची तजवीज नसेल, तर दुसरी वाट मोकळी असूनही पाकिटे वाया जातात. आणि नियमाने पाणी वाढत नाही, फक्त वाटले जाते.

पतपेढीने आपल्या घरात असे नियम करावेत, आमची हरकत नाही. पण सेवा विकणारी कंपनीच कोणाची पाकिटे पुढे, कोणाची मागे हे ठरवू लागली तर? मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी मनाई केली. 2018 साली केंद्र सरकारने मजकूर अडवणे, मंदावणे किंवा त्याला झुकते माप देणे यांविरुद्धचे तत्त्व मान्य केले. वाहतुकीच्या वाजवी व्यवस्थापनाला मुभा राहिली, आणि आमच्या मते खरी मेख तेथेच आहे. वाजवी कशाला म्हणायचे? 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामाच्या अटी कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावणे मालकाला भाग पाडले होते. राउटरमधली यादी कोणत्याही फाटकावर लागत नाही. निदान आपल्या पतपेढीत, आपल्या कचेरीत पहिल्या ओळीत काय लिहिले आहे, एवढे सभासदांनी विचारायला हरकत नाही.